सासूबाईंचे तीनशे छत्तीस रुपये

माझ्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नसे आणि मी शाळेत चौथीला गणित शिकवत असे. त्यामुळे घरात हिशोबाचा प्रश्न आला की शेवटचा शब्द माझा, असं मी लग्न होऊन मालवणात आले त्या दिवसापासून धरून चालले होते. सासूबाईंनी तसं कधी म्हटलं नव्हतं. पण त्यांनी नाहीही म्हटलं नव्हतं, आणि समोरचा गप्प राहिला की त्याला आपलं पटलं असं समजायची खोड आम्हा मास्तरलोकांना असतेच.

त्या मासळीबाजारात बसत. चाळीस वर्षं जागा तीच. पुढ्यात बांगड्यांचे वाटे मांडलेले आणि समोर एकाच वेळी चार गिऱ्हाइकं. एकीला दोन वाटे हवेत, दुसरी अर्ध्यासाठी घासाघीस करतेय, तिसरा मागच्या रविवारची उधारी चुकती करतोय, आणि चौथा पाचशेची नोट नाचवतोय. सासूबाई मान वर न करता चौघांचे सुटे पैसे चौघांच्या हातावर ठेवत आणि मध्येच मांजर हाकलत. पावकी, निमकी, दीडकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. कुणी शिकवली म्हणून विचारलं तर म्हणत, "बापाशीन. होडयेर." मला पावकी येत नाही, ही गोष्ट मी शाळेत अजून कुणाला कळू दिलेली नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी माझा पगार बँकेत जमा व्हायला लागला आणि मला बँकेचं वेड लागलं. नवं लग्न झालेला माणूस जसा जो भेटेल त्याला लग्न करायचा सल्ला देतो, तशी मी दिसेल त्याला खातं उघडायला सांगू लागले. सासूबाईंचे पैसे तांदळाच्या डब्यात असत. मी म्हटलं, "आई, डब्यात उंदीर लागतील."

"पैशांक उंदीर लागनत नाय. माणसा लागतत," त्या म्हणाल्या.

मी सोडते थोडीच. वर्षभर मागे लागले. शेवटी एका मंगळवारी, बाजार लवकर उठला म्हणून, त्या माझ्याबरोबर बँकेत आल्या. फॉर्म मी भरला. त्यावर लिहिलं होतं, खात्यात निदान शंभर रुपये राहिले पाहिजेत. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शंभर नको, एकशे एक. कारण त्यांच्यात कुठलीही गोष्ट रिकामी किंवा नुसती पुरती ठेवत नाहीत. सगळे मासे विकले गेले तरी त्या पाटी रिकामी घरी आणत नसत, कोथिंबिरीची एक जुडी का होईना, आत असायची. बँकेच्या नियमावर आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी एक रुपया चढवला.

"आणि माझे पैशे कोण हात लावचो नाय मां?" त्यांनी विचारलं.

"बँकेत ठेवलेला पैसा हलत नाही. मी सांगते ना," मी म्हटलं.

हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

आता आमच्याकडचं वर्ष कसं चालतं ते सांगायला हवं. मे सरता सरता होड्या वर ओढल्या जातात आणि नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय समुद्रात जात नाहीत. ते अडीच-तीन महिने बाजार जवळजवळ नसतोच. घर सुक्या मासळीवर आणि साठवलेल्या पैशावर चालतं. म्हणून सासूबाई दर मेअखेरीला खात्यातले सगळे पैसे काढत, एकशे एक तेवढे मागे ठेवत, आणि पुनव झाली की पहिल्या कमाईचे हजार रुपये पुन्हा भरत. दोन वर्षं हे सुखाने चाललं. बँकेतल्या मंडळींना त्या ओळखीच्या झाल्या आणि बँकेतल्या मंडळींच्या घरी बरे बांगडे जाऊ लागले.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही पैसे काढायला गेलो. खिडकीतल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघून शिल्लक सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "एकशे अडुसष्ट कमी आसत."

मुलाने पुन्हा बघितलं आणि तोच आकडा सांगितला. पासबुक छापून बघूया म्हटलं, तर छापायचं मशीन बिघडलेलं. पुढच्या आठवड्यात या, असं तो म्हणाला. मागे रांग उभी, त्यात माझ्या शाळेतल्या दोन मुलांचे आईबाप. मला अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आई, मशीन चुकत नाही. तुमच्याच मोजण्यात काहीतरी राहिलं असेल. वय झालं की होतं असं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि चालू लागल्या. पुढच्या आठवड्यात पासबुक छापायला कुणी गेलं नाही. मी तर विसरूनच गेले.

त्या विसरल्या नव्हत्या.

त्या वर्षी त्यांच्यात झालेला बदल मी बघितला आणि मला त्यातलं काहीही कळलं नाही, याची मला आजही लाज वाटते. मागच्या दारी मासळी साफ करताना त्या हळूच पावकी म्हणायच्या. मध्ये अडखळल्या तर पुन्हा पहिल्यापासून. मला त्याचं कौतुक वाटायचं. "या वयात पाढे म्हणतात आमच्या सासूबाई," असं मी शाळेत मधल्या सुट्टीत सांगितलं आणि मुलांना त्यांचं उदाहरणसुद्धा दिलं. एकदा त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सात पंचे किती गो?" मी म्हटलं, पस्तीस. त्यांनी मान हलवली आणि बांगड्याचं डोकं उडवलं.

मग एक दिवस त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मासळीवालीने मला बाजारात गाठलं. "बाय, सासूक खंय तरी दाखव," ती म्हणाली. "सुटे पैशे दिवच्या आदी माका मोजूक दिता. पाचशेची नोट घेणाच नाय. म्हणता, माझ्या डोक्यात कायतरी झालाहा."

मी काय केलं असेल? मी त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. डोळे तपासले, चष्मा केला. त्यांनी तो दोन दिवस लावला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माका दिसता सगळा. दिसणा नाय असा खंय होता?" चष्मा कोनाड्यात गेला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आयेक काय जावचा नाय." तो ट्रॉलरवर असतो. चार दिवस आधी वारा फिरणार हे त्याला कळतं, पण घरातला वारा कधी फिरला ते तो नेहमी माझ्याकडून ऐकतो.

पुढचा मे आला. पुन्हा तीच खिडकी, तोच मुलगा. त्याने शिल्लक सांगितली. या वेळी सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदराआड बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या, एकशे एक मागे ठेवले आणि बाकीचे घेऊन बाहेर आल्या. पायऱ्यांवर मी विचारलं, "काय झालं?"

"काय नाय. माझाच चुकता."

"किती?"

"एकशे अडुसष्ट."

मी पायरीवरच थांबले. ज्याच्या डोक्यातला हिशोब बिघडतो, त्याचा तो दरवेळी वेगळ्या आकड्याने बिघडतो. दोन वर्षं सलग बरोबर एकशे अडुसष्टनेच चुकायचं म्हणजे ते चुकणं नव्हे. हे माझ्या चौथीतल्या मागच्या बाकावरच्या पोरालाही कळलं असतं. मला कळायला वर्ष लागलं.

मी उलट आत गेले. पासबुकाचं मशीन चालू होतं. खटखट खटखट करून त्याने दोन पानं छापली, आणि त्यात होत्या आम्हाला अनोळखी सहा ओळी. पहिल्या पावसाळ्यात तीन, दुसऱ्या पावसाळ्यात तीन, आणि प्रत्येक ओळीत छप्पन्न रुपये वजा. पहिल्या छप्पन्नात एकशे एकचे पंचेचाळीस झाले, दुसऱ्यात वजा अकरा, तिसऱ्यात वजा सदुसष्ट. सासूबाई पुनवेला पहिल्या कमाईचे हजार रुपये हौसेने भरून येत होत्या, आणि त्यातले सदुसष्ट आधीच बँकेने खाल्लेले असत.

मॅनेजरसाहेब सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितलं की, किमान शिल्लक आता शंभर नाही, पाचशे झाली आहे, ज्या महिन्यात त्याहून कमी असेल त्या महिन्यात दंड, आणि तशी सूचना फलकावर लावलेली आहे. फलक त्यांनी दाखवला. कॅशच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर तो होता आणि त्याच्यासमोर कुणीतरी प्रेमाने वाढवलेला मनीप्लँट होता. पानं बाजूला सारून मी वाचलं. सूचना इंग्रजीत होती. दर महिन्याच्या एक तारखेला पगारासाठी मी त्या खिडकीशी उभी असायची आणि मनीप्लँट किती छान वाढलाय असं मनात म्हणायची.

"पत्र का नाही पाठवलंत?" मी विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा असतो, मॅडम," ते म्हणाले. हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण बँकेत असंच उत्तर मिळतं.

सासूबाई मधल्या वेळात पासबुकातल्या त्या सहा ओळींवर बोट ठेवून बसल्या होत्या. वाचता येत नव्हतं तरी ओळी मोजता येत होत्या. "सा छप्पन्न तीनशे छत्तीस," त्या म्हणाल्या. मग आम्ही खिडकीवर जाऊन त्या पावसाळ्यापुरते एकशे एकचे पाचशे एक केले. एक रुपया वर ठेवायचं त्यांनी याही वेळी सोडलं नाही.

बाहेर आल्यावर मी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते मला ठाऊक होतं, जिभेच्या टोकावरही होतं. पण मी म्हटलं, "आई, मी यांना सोडणार नाही." आणि घरी येऊन तावातावाने कागद काढला.

ओरोसला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ग्राहक मंच आहे, तिथे साध्या कागदावर तक्रार करता येते आणि वकील लागत नाही, हे मला आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी सांगितलं. आधी मी बँकेला पत्र लिहिलं. महिनाभर उत्तर आलं नाही, तेव्हा तक्रार लिहिली. तक्रारदार म्हणून सासूबाईंचा अंगठा आणि त्यांच्या वतीने बोलायला मी. अंगठा लावताना त्यांनी विचारलं, "ह्या कोणार करतंस?"

"बँकेवर."

"आणि मगे बँक आमचे पैशे ठेवतली?"

ठेवावेच लागतील, असं मी म्हटलं. माझ्या आश्वासनांवर त्यांचा अजूनही विश्वास कसा होता, कोण जाणे. किंवा नव्हताही.

तक्रारीसोबत शंभर रुपयांची फी ड्राफ्टने भरायची होती. आमच्या ओळखीची बँक म्हणजे तीच. मी फॉर्म भरून खिडकीत दिला. मुलाने विचारलं, "ड्राफ्ट कशासाठी?" मी म्हटलं, "तुमच्यावर केस करायची आहे." त्याने मान डोलावली, सुवाच्य अक्षरात ड्राफ्ट केला आणि वर कमिशन घेतलं. ते कमिशन तक्रारीत घालावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला.

पहिल्या तारखेला आम्ही एसटीने ओरोसला गेलो. मी इस्त्रीची साडी नेसले होते, रात्रभर भाषण घोकलं होतं. बँकेचे वकील आले नाहीत. पुढची तारीख मिळाली. दोघींचं जाण्यायेण्याचं तिकीट, चहा, भजी. बाजारात शेजारणीने खर्च विचारला आणि म्हणाली, "तीनशे छत्तीस मिळासर तुमी पाचशे उडयतल्यात." पुढच्या तारखेच्या दिवशी पहाटेच उठून सासूबाई किनाऱ्यावर गेल्या आणि बर्फ घातलेली बांगड्यांची पाटी घेऊनच एसटी स्टँडवर आल्या.

"आई, आपण कोर्टात चाललोय," मी म्हटलं.

"म्हणानच. एवढ्या लांब रिकामी पाटी घेवन कित्या जावचा?"

कंडक्टरने नाक मुरडलं, पण पाटी शेवटच्या सीटमागे ठेवू दिली. ओरोसला पोचलो तर मंचाचे अध्यक्ष रजेवर. पुन्हा पुढची तारीख. मी हताश होऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले, आणि सासूबाईंनी आवारातल्या झाडाखाली पाटी उघडली. तीस रुपये वाटा. सरकारी ऑफिसांची जागा ती, ताजी मासळी दाराशी कधी येणार? पाऊण तासात शिपाई, कारकून, कुणाकुणाचे ड्रायव्हर, सगळे झाडाखाली. काळा कोट हातावर टाकलेल्या एका गृहस्थांनीही दोन वाटे घेतले. मी लाजेने दुसरीकडे बघत होते. सासूबाई त्या दिवशी आमच्या दोघींच्या तिकिटाचे पैसे वसूल करून, वर नफा घेऊन परतल्या. सुटे पैसे देताना मात्र त्या दरवेळी दोनदा मोजत होत्या. तिथे शेजारीण नव्हती, म्हणून ओठ हलवत, स्वतःशीच.

ते बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की ही केस कशासाठी आहे. तीनशे छत्तीस रुपये त्या दोन दिवसांत कमावत. त्यांना पैसे नको होते. चाळीस वर्षं ज्या डोक्याच्या जोरावर त्यांनी घर चालवलं, नवरा गेल्यावर मुलाला मोठं केलं, होडीचं कर्ज फेडलं, ते डोकं अजून शाबूत आहे की नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते गेलं असं त्यांना सांगणारी मीच होते.

तिसऱ्या तारखेला सगळे हजर. अध्यक्ष, दोन सदस्य, बँकेचे मॅनेजर, आणि बँकेचे वकील. वकिलांना बघून सासूबाईंनी मला कोपर मारलं. मी म्हटलं, गप्प बसा.

वकिलांनी सुरुवात छान केली. ते म्हणाले की तक्रारदार बाई निरक्षर आहेत, त्यांना स्वतःच्या खात्याचा हिशोब ठेवता येत नाही, तक्रारीतली रक्कम सुनेने अंदाजाने घातलेली दिसते, कारण बँकेच्या कागदाप्रमाणे दंड सहा वेळा नव्हे तर पाच वेळा कापला आहे, आणि त्याचे होतात दोनशे ऐंशी. शिवाय सूनबाई शिक्षिका आहेत, दर महिन्याला बँकेत येतात, फलक त्यांनी वाचायला हवा होता.

मी उठले. "सन्माननीय अध्यक्ष महोदय," एवढं म्हटलं आणि हातातले कागद खाली पडले. ते गोळा करायला वाकले, तोवर सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"वकीलसायब," त्या म्हणाल्या, "माका हिशोब येणा नाय म्हणतात? मागच्या तारखेक तुमी माज्याकडसून बांगड्याचे दोन वाटे घेतलात. साठ रुपये. शंबराची नोट दिलात. मी तुमका चाळीस परत दिलंय, आणि वर एक बांगडो दिलंय. तेवा माझो हिशोब बरोबर होतो मां?"

वकील माणूस चांगले होते. ते म्हणाले, "बरोबर होता." मग जरा थांबून, "बांगडेही चांगले होते."

अध्यक्षांनी तोंडावर रुमाल धरला. रुमाल खाली घेतल्यावर त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, पाच वेळा की सहा वेळा?"

सासूबाईंनी कागद मागितला नाही. एका वर्षी किती ठेवले, पुनवेनंतर किती भरले, दिवाळीला किती, शिमग्याला किती, मे महिन्यात किती निघायला हवे होते आणि किती निघाले, हे त्यांनी उभ्याने सांगितलं. मग दुसऱ्या वर्षाचं. मध्ये एक-दोनदा ऑफिसातली मराठी बोलायचा प्रयत्न केला, तो सोडून दिला आणि मालवणीतच पुढे गेल्या. एक सदस्य समोर पासबुक धरून ओळीवरून बोट फिरवत होते. शेवटी ते म्हणाले, "सहा. बँकेच्या कागदावर दुसऱ्या वर्षीचा ऑगस्ट पाठच्या पानावर गेलाय."

मग अध्यक्षांनी मॅनेजरना तीन प्रश्न विचारले. नियम बदलल्याचं पत्र खातेदारांना पाठवलं होतं का? नाही. फलक मराठीत होता का? नाही. कुठे लावला होता? भिंतीवर. "मनीप्लँटच्या मागे," मी म्हटलं. त्या दिवशी मी केलेला युक्तिवाद एवढाच.

निकालाची प्रत घ्यायला आम्ही दोघी चौथ्यांदा ओरोसला गेलो. पाटी नव्हती, त्या दिवशी मासळीच आली नव्हती. परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडच्या बाकावर सासूबाई म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. तीनशे छत्तीस परत करावेत, त्रासापोटी पाचशे द्यावेत, खर्च वेगळा. त्या ऐकत होत्या, पण तोंडावर काही दिसेना. मध्ये एक ओळ होती की तक्रारदारांनी सांगितलेली रक्कम पासबुकातील नोंदींशी तंतोतंत जुळते. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"ह्या परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "चूक कोणाची म्हणान लिवलाहा?"

"बँकेची."

"आणि कोणाची?"

"आणि कुणाची नाही."

"नीट बघ गो. खंय तरी आसतला."

मी कागदाकडे बघत राहिले. अक्षरं दिसेनाशी झाली होती. गाडीची वाट बघत समोर दोन बायका उभ्या होत्या, त्या आमच्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आई, चूक माझी. तुमचा हिशोब पहिल्या दिवसापासून बरोबर होता. मी लोकांदेखत तुम्हाला खोटं पाडलं. वय झालं म्हटलं. तुम्ही वर्षभर स्वतःलाच घाबरून राहिलात, आणि मी तुम्हाला चष्मा करून दिला."

रडू येत होतं, ते मी आवरलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, ओला होईल म्हणून, आणि चार घड्या करून कनवटीला लावला.

"माका ह्याच ऐकूचा होता," त्या म्हणाल्या. "पण ता सांगूक एवढ्या लांब ओरोसाक कित्या येवक होया? घराकडे चुलीकडे बसान सांगला असतंस, तरी माका पुरला असता."

मालवणची गाडी आली. मी त्यांच्यामागून चढले आणि त्यांच्या शेजारी बसले. नऊ महिने, चार फेऱ्या, एक ड्राफ्ट आणि त्यावरचं कमिशन. त्या एका वाक्यापेक्षा मला हे सगळं सोपं वाटलं होतं.